सदतीस दाणे

उन्हाळाभर रविवारी दुपारी आमच्या घरी एकच जेवण असतं: पास्ता आणि बीन्सचं गार सॅलड, इटालियन पद्धतीचं. पद्धत आईची. तिला ती एका मोठ्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या मुख्य आचाऱ्यानं शिकवली होती. अकरा वर्षं ती तिथे थंड पदार्थांच्या टेबलाशी उभी होती आणि येताना तिनं दोन गोष्टी घरी आणल्या. एक म्हणजे निळ्या काठाचं एनॅमलचं भांडं, आणि दुसरी म्हणजे मुठीचा नियम.

नियम साधा आहे. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बीन्सची बरणी आणि भिजवायचं भांडं ठेवायचं. उद्या जो जेवायला असणार, त्यानं येऊन स्वतःच्या हातानं एक मूठ दाणे पाण्यात टाकायचे. हॉटेलात पाळी संपताना कामगार असंच करायचे, म्हणजे उद्या किती ताटं लागणार ते आचाऱ्याला कुणाला न विचारता कळायचं. पास्त्याला मोजमाप नाही, तो पुडा फोडून ओतायचा. हजेरी बीन्सची. ज्याची मूठ नाही त्याला ताट नाही, आणि दुसऱ्याची मूठ आपण टाकायची नाही. का, ते आईनं कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तुझ्याऐवजी दुसरं कुणी जेवलं तर चालेल का तुला?"

आम्ही घरात तिघं. मी, माझे बाबा आणि माझी मुलगी. नवरा जहाजावर असतो, त्याची मूठ वर्षातून चार-पाच वेळा. मुलगी पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवते. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण ती लहानपणापासून सॅलडमधली ऑलिव्ह गालात साठवून ठेवते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ऐंशीव्या वर्षीही त्यांनी हातानं ओढलेली रेघ पट्टीनं ओढलेल्या रेघेपेक्षा सरळ यायची. आणि मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देते. एकोणीस वर्षं पाच-पाचच्या ढिगांनी मोजत आले आहे. बाबा मला मोजणीबाई म्हणतात. म्हणू देत. कुणीतरी मोजायलाच हवं.

आई या उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. त्याबद्दल एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती इथे आधीच सांगून टाकते.

तिची शेवटची संध्याकाळ शनिवारची होती. महिनाभर ती आतल्या खोलीत पडून होती आणि चमच्याचमच्यानं पातळ पेज घेत होती. दिवसभर दुकानात उभी राहून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. ओट्यावर मी भांडं ठेवलं, बाबांनी मूठ टाकली, खारूनं टाकली, मी टाकली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"भांडं इकडे आण गं. माझी राहिली."

ते पाण्यानं भरलेलं भांडं उचलून आत न्यायचं, तिला उठवून बसवायचं, तिचा हात बरणीत घालायचा, सांडलेले दाणे वेचायचे. कशासाठी? दाणा चावायची ताकद तिच्यात नव्हती. मला जिवावर आलं.

"टाकली मी तुझी," मी ओट्यापासूनच म्हटलं.

 ती म्हणाली, "तू कशी टाकशील? माझी मूठ मलाच टाकायची ना."

मी भांड्यावर ताटली झाकली. तिची मूठ मी टाकलीही नव्हती. रविवारी बारा वाजायच्या आत आई गेली. भिजलेले बीन्स त्या दिवशी कुणी शिजवले नाहीत.

पुढचे तीन रविवार आम्ही काय खाल्लं ते मला आठवत नाही. चौथ्या शनिवारी खारू म्हणाली, "मम्मी, आजीचं सॅलड कर ना. उकडतंय किती." मला आईचं निळ्या काठाचं भांडं बघवत नव्हतं, म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळाच्या अगदी वरच्या कप्प्यात सारलं, आणि एक प्लॅस्टिकचा टब काढला. तिघांनी मुठी टाकल्या. वर ताटली झाकून टब खिडकीखाली ठेवला.

सकाळी ताटली उचलली तर बीन्स टबाच्या काठापर्यंत आले होते. भिजल्यावर दाणे दुप्पट होतात हे मलाही कळतं, पण हे चार माणसांचे होते. मी सरळ बाबांना गाठलं.

"बाबा, तुम्ही दोनदा टाकलीत का?"

"मला काय विसरभोळा समजलीस? एकदाच टाकली."

खारूही नाही म्हणाली. मला वाटलं, माझ्याच हातून जास्त पडले असतील. बीन्स शिजवले, पास्ता उकळला, टोमॅटो, काकडी आणि कांदा चिरला, बेसिलची पानं हातानं तोडून घातली, ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर, मिरपूड. सगळं आईसारखं आणि चव काही आईसारखी नाही. बाबा खाऊन म्हणाले, "चांगलं झालंय." बाबा असं म्हणतात तेव्हा ते झालेलं नसतं. आणि चौघांचं सॅलड तिघांनी संपवलं, तरी कुणाचं पोट जड झालं नाही.

पुढच्या शनिवारी मी मोजलं. मुठी पाण्यात पडायच्या आधी प्रत्येकाला बशीत टाकायला लावल्या. खारू कुरकुरली, "आता काय जेवणाची पण पावती फाडणार का?" बाबांचे बासष्ट, खारूचे अठ्ठेचाळीस, माझे एक्कावन्न. एकूण एकशे एकसष्ट. गोळ्यांच्या पाकिटावर लिहून पाकीट टबाखाली ठेवलं.

सकाळी पुन्हा मोजले. फुगलेले दाणे चाळणीत काढून पाच-पाचचे ढीग केले. एकशे अठ्ठ्याण्णव. मला वाटलं, चूक झाली. पुन्हा मोजले. एकशे अठ्ठ्याण्णव.

सदतीस जास्त होते.

 सदतीस हा आकडा मला पाढ्यांच्या आधीपासून पाठ आहे. हॉटेलातल्या काप करायच्या यंत्रात आईच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली होती आणि नंतर ती कधी मिटली नाहीत. तिची मूठ लहान मुलासारखी अर्धवट वळायची. मी मोजायला शिकले ते तिच्या मुठीतून. ती ओट्यावर दाणे सोडायची आणि म्हणायची, मोज बघू. कधी छत्तीस भरायचे, बहुतेक वेळा सदतीस. अडतीस कधीच नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. बीन्स शिजवले आणि आम्ही ते खाल्ले. जेवताना बाबा दोनदा आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसले. मला विचारायची हिंमत झाली नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना जे दिसतं ते झोप अपुरी झाल्यानं दिसतं, हे मी रोज बघते. म्हणून त्याच्या पुढच्या शनिवारी मी सोपी युक्ती केली. प्रत्येकाला वेगळे दाणे दिले. बाबांना पांढरा राजमा, खारूला लाल, मला काबुली चणे. घरात चौथं कडधान्य नव्हतंच. बरण्या कपाटात ठेवून किल्ली माझ्या उशाशी ठेवली. आता घरातलं कुणी चेष्टा करत असेल तर उद्या पकडलं जाणार होतं.

सकाळी टबात पांढरे होते, लाल होते, चणे होते. आणि त्यांच्यात तांबड्या ठिपक्यांचे मोठे दाणे होते. ते मी ओळखले. हॉटेलात आई तेच वापरायची. घरातले शेवटचे थंडीतच संपले होते आणि त्यानंतर आम्हाला ते कुठल्याच दुकानात मिळाले नव्हते. रात्रभर पाण्यात राहिल्यासारखे तेही टम्म फुगले होते, सालीवर एक सुरकुती नव्हती.

मोजायची गरज नव्हती. तरी मोजले. सदतीस.

आणि मला राग आला. हो, रागच आला, भीती नंतर आली. महिनाभर तुझं सगळं केलं, रात्री उठले, चादरी धुतल्या, आणि एक मूठ नाही टाकली तर तू दर रविवारी येऊन मला दाखवणार? तळपायाची आग मस्तकात गेली. मी एकेक ठिपक्याचा दाणा वेचला, कागदात बांधला आणि खाली जाऊन कचऱ्याच्या मोठ्या पिंपात फेकून आले.

वर आले तर बाबा स्वयंपाकघरात टबाजवळ उभे होते.

"तिचे काढलेस?"

"कुणाचे?"

"वेड पांघरू नकोस." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बाबा माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. "पंगतीतून उठवलंस तिला. आता ती तिचं वेगळं मांडेल."

त्या दिवशी त्यांनी ताटातलं निम्मं तसंच ठेवलं.  पण पुढचा आठवडाभर ते दुःखी दिसले नाहीत. उलट त्यांनी जुना चांगला सदरा काढून स्वतः इस्त्री केला, दाढी रोज करायला लागले, आणि एकदा मी विचारलं तर म्हणाले, "कुठे जायचं ठरलं की माणूस नीट दिसावा."  आई गेल्यापासून मला एकच धास्ती होती, बाबाही तिच्या मागोमाग जातील. पंचावन्न वर्षांचा संसार होता तो.

शनिवारी मी त्यांच्या समोर उभी राहिले. त्यांनी बासष्ट पांढरे दाणे टबात टाकले. मी मोजून घेतले, पाण्यात पडताना पाहिले. टब खिडकीखाली ठेवला. निजायला जाण्याआधी एकदा ताटली उचलून बघितलं, पांढरे होते.

रविवारी सकाळी पांढरे नव्हते.

लाल अठ्ठेचाळीस, चणे एक्कावन्न. ठिपक्यांचेही नव्हते. टब कसा अर्धा रिकामा दिसत होता, दोघींच्या जेवणाचा. मी पाण्यात हात घालून तळ चाचपला. मग माझ्या मनगटावर वरून एक थेंब पडला.

मी वर बघितलं. फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यातून पाणी ठिबकत होतं. तिथे नळ नाही, पाइप नाही. तिथे फक्त आईचं भांडं होतं.

स्टुलावर चढून मी ते काढलं. वर्तमानपत्र भिजून भांड्याला चिकटलं होतं. ते सोलून काढलं. आत स्वच्छ पाणी, आणि पाण्यात ठिपक्यांचे दाणे आणि पांढरे दाणे, एकमेकांत मिसळून, शेजारी शेजारी.

"खारू!" मी ओरडले. "आजोबा उठले का?"

बाबा रोज साडेपाचला उठतात. आठ वाजले होते. खारू त्यांच्या खोलीतून धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मम्मी, ते उठत नाहीयेत. श्वास आहे, पण इतका हळू आहे की मी मोजतच बसले. आणि हसतायत गं झोपेत."

"खालच्या डॉक्टरांना आण. पळ."

ती पळाली. मी बाबांना हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. त्यांच्या अंगात तो इस्त्रीचा सदरा होता. मी स्वयंपाकघरात परत आले आणि मला जे सुचलं ते केलं. आईच्या भांड्यातून एकेक पांढरा दाणा वेचून मी आमच्या टबात टाकू लागले. दुसऱ्याच्या मुठीला हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. तरी वेचले. ठिपक्यांचे दाणे बोटांच्या मध्ये येत होते, हटवले तरी पुन्हा येत होते, जणू कुणी पाणी हळूहळू ढवळत होतं. पाच, दहा, पंधरा. पाणी बर्फासारखं गार होतं; त्या उकाड्यात बोटं बधिर झाली. एकसष्ट. बासष्टावा कितीतरी वेळ सापडेना. शेवटी सापडला, तळाशी, एका ठिपक्याच्या दाण्याखाली.

तो टबात पडला आणि आतून खोकल्याचा आवाज आला.

बाबा पलंगावर उठून बसले होते. त्यांनी माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं.

"माझी मूठ काढलीस का गं तिच्यातून?"

आता 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. एकदा मी तसं सोपं खोटं बोललेच होते, ओट्यापाशी उभी राहून.

"काढली," मी म्हटलं. आणि मग सगळंच बाहेर आलं. "बाबा, त्या शनिवारी आईला मी खोटं सांगितलं. तिची मूठ मी टाकली नव्हती. ती भांडं मागत होती आणि मला कंटाळा आला. आणि गेल्या रविवारी तिचे दाणे कचऱ्यात टाकले. पण तुम्ही नका जाऊ. मला तुम्ही हवे आहात." चाळीस ओलांडलेली बाई मी, लहान मुलीसारखी हुंदके देत होते.

"खोटं होतं ते तिला तेव्हाच कळलं होतं," बाबा म्हणाले. "मला म्हणाली, पोरगी दमलीय, तिला बोलू नकोस."

मग ते सदऱ्याच्या चुण्या हातानं सरळ करू लागले.

"मी हातानं काही केलं नाही हं," ते म्हणाले. "काल मूठ टाकताना मनात फक्त म्हटलं, उद्या तुझ्याकडे जेवतो. ताट मांडलेलं होतं तिनं. बसणार तेवढ्यात कुणीतरी खांद्याला धरून उठवलं." ते जरा हसले. "चल, भूक लागलीय."

खारू डॉक्टरांना घेऊन आली तेव्हा रुग्ण ओट्याशी उभा राहून ऑलिव्हवरून माझ्याशी भांडत होता. डॉक्टरांनी नाडी बघितली, उकाड्यानं होतं असं म्हणाले आणि पातेल्याकडे आशेनं बघत गेले. आईच्या भांड्यातले सदतीस दाणे मी वेगळे शिजवले आणि चौथं ताट वाढून तिच्या खुर्चीसमोर ठेवलं. आम्ही तिकडे बघितलं नाही. उठताना ते ताट तसंच भरलेलं होतं. फक्त वरचं बेसिलचं पान तेवढं नव्हतं, पण ते खारूनंही घेतलं असेल.

पुढच्या शनिवारी सकाळपासून मी बाबांच्या मागे लागले. आईचं भांडं आता मी कोंडून ठेवलं नव्हतं, टबाशेजारी खिडकीखालीच कोरडं ठेवलं होतं.

"आज मनात काही म्हणायचं नाही," मी म्हटलं. "शपथ घ्या माझी."

"असं कसं? तिकडे ती वाट बघतेय, इकडे तू रडतेस. एका माणसानं दोन घरी कसं जेवावं?"

"मला माहीत नाही. तुम्ही माझ्याकडे जेवायचं."

"बरं बाई," बाबा म्हणाले. "दोघींचं मन राखतो." आणि त्यांनी बासष्ट दाणे टबात टाकले. त्या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. ते तयार झाले, एवढंच मला ऐकू आलं.

सकाळी टबात लाल अठ्ठेचाळीस, चणे एक्कावन्न आणि पांढरे एकतीस होते. शेजारच्या निळ्या काठाच्या भांड्यात, जे रात्री कोरडं होतं, त्यात ठिपक्यांचे सदतीस आणि पांढरे एकतीस.

मी धावत गेले. बाबा जागे होते. डावा डोळा माझ्याकडे बघत होता, उजवा दुसरीकडेच कुठेतरी. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा हात, तो रेघ ओढायचा हात, चादरीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडला होता.

अर्धे माझ्याकडे राहिले होते. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं.

बारा दिवस ते हॉस्पिटलात होते. मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आता जे होईल ते हळूहळू होईल, असं म्हणाले. बाबांना आम्ही आईच्या पलंगावर निजवलं, कारण ती खोली मोठी आहे आणि खिडकीतून वारा येतो. अर्धं बोलणं त्यांच्या तोंडातच राहायचं, पण खारूला सगळं कळायचं. मी भरवायला बसले की उजव्या बाजूनं घास बाहेर यायचा. मी पुसायचे. डाव्या डोळ्यात पाणी यायचं आणि तो डोळा दुसरीकडे फिरायचा. स्वतःच्या बापाला इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला कारण मी होते. उजवा डोळा मात्र सगळा वेळ त्या दुसरीकडेच बघत असायचा. तिकडचं काहीतरी त्याला आवडत असावं.

काल शनिवार होता. मी दुकानातून लवकर निघाले. संध्याकाळची उन्हं अजून भिंतीवर होती. मी टबात पाणी घातलं, आईच्या भांड्यात पाणी घातलं. मी माझी मूठ टबात टाकली, खारूनं तिची टाकली. मग दोन्ही भांडी उचलली. पाण्यानं भरलेली, जड. एकेक करून आत नेली. आईसाठी मला जे चार पावलं नेता आलं नव्हतं ते.

खारू दारात उभी होती. "मम्मी, काय करतेयस?" तिनं विचारलं, आणि मग तिला कळलं. तिनं माझा दंड धरला. "नको ना गं."

"त्यांची मूठ त्यांनाच टाकायची आहे," मी म्हटलं.

बाबांना आम्ही दोघींनी उठवून उशीला टेकवून बसवलं. एका बाजूला टब ठेवला, एका बाजूला भांडं, दोन्ही डाव्या हाताच्या अंतरात. पांढऱ्या राजम्याची बरणी त्यांच्या हाताखाली धरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडावर जे काही होतं ते सगळं त्या एका डोळ्यात आलं होतं.

"मी बघणार नाही," मी त्यांना म्हटलं. "शपथही घालणार नाही. तुम्हाला कुठे टाकायची तिथे टाका."

आणि मी डोळे मिटले. बरणीत हात गेल्याचा आवाज आला. दाण्यांची सळसळ झाली, हात बाहेर आला, थांबला. बराच वेळ थांबला. खारूची नखं माझ्या दंडात रुतली होती.

प्लॅस्टिकच्या टबात दाणा पडला तर आवाज येत नाही. एनॅमलवर येतो. पाण्यातूनही बारीक घंटी वाजल्यासारखा येतो, आई असताना दर शनिवारी घरभर ऐकू यायचा.

पहिला दाणा वाजला. मग दुसरा. मग धारच लागली. मी मोजत गेले, दुसरं काय येतं मला. चोपन्न. डाव्या हाताची मूठ थोडी लहान असते. एकही दाणा बाहेर सांडला नव्हता, एकही टबात गेला नव्हता.

मी डोळे उघडले तेव्हा बाबांचे दोन्ही डोळे एकाच दिशेला बघत होते. माझ्याकडे. त्यांनी ओठ हलवले. मला कळलं नाही म्हणून खारू वाकली आणि तिनं ऐकून सांगितलं. 

"आजोबा म्हणतायत, आजीचा निरोप आहे. व्हिनेगर बीन्स गरम असतानाच घालायचं. गार झाल्यावर घालतेस म्हणून तुझं चुकतं."

आज रविवार आहे. बीन्स शिजत आले आहेत, टबातले, दोघींचे. व्हिनेगरची बाटली मी उघडून हाताशी ठेवली आहे. आतल्या खोलीत बारा वाजायच्या आत मी जाऊन आले; मोजायला श्वास उरला नव्हता. सदरा इस्त्रीचा होता, तो सकाळीच मी त्यांना घातला होता.